नखावरची धार

१८ नोव्हेंबर. कामं : मोठ्या वस्तऱ्याला शेवटची धार, चामोटीला तेल, पांढरं फडकं उकळून वाळत घालणे.

माझ्या वहीत त्या तारखेपुढे एवढंच आहे, आणि खाली एक ओळ : ‘साठ हात. नखाला झोंबतो. झाला म्हणाले.’ वही शाळेची, शंभर पानी. दसऱ्यानंतर मी वस्तऱ्याला धार लावायला शिकू लागले, तेव्हापासून रोज त्यात एक ओळ लिहीत होते. दगडावर वस्तरा एकदा गेला आणि एकदा परत आला की एक हात. किती हात मारले, नखावर कसा लागला आणि ते काय म्हणाले. ते म्हणजे माझा नवरा.

आमचं न्हाव्याचं घर. शिरपूर जैनवरून रिसोडकडे जीप जातात त्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि थांब्याजवळ त्यांची टिनाची टपरी आहे. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा ते खाटेवरून उठत नव्हते. पुढे पाय टेकायला लागला. आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की मांडीवरच राहतो. लोक म्हणायचे, उजवा तर शाबूत आहे ना, मग न्हाव्याचं काय अडलं. वस्तरा उजव्या हातात असतो हे खरं, पण कातडी ताणून धरायला डावा हात लागतो. न ताणता फिरवला तर कापणारच.

टपरी बंद झाली तशी गिऱ्हाइकं चौकातल्या सलूनमध्ये जायला लागली. त्याचं मला फार वाटलं नाही. केस वाढायचे थांबत नाहीत, माणसांनी तरी किती थांबावं. पण जुन्या शेतकऱ्यांची पाच घरं थांबली होती. त्या घरांमध्ये बाळाच्या डोक्याला ब्लेड लावत नाहीत. जावळ काढायचं ते घरच्या न्हाव्याच्या, दगडावर धार लावलेल्या वस्तऱ्यानं. आधी माझ्या सासऱ्यांनी काढली, मग यांनी. आणि ज्याच्या वस्तऱ्यानं जावळ निघालं, त्या घरची पुढची सगळी डोकी आणि दाढ्या त्याच न्हाव्याकडे, अशी रीत. त्यांच्यातल्या एका घरचे म्हातारे आबाजी तर उन्हाळ्यापासून दाढी वाढवून बसले होते. सलूनमध्ये जायला तयार नव्हते.

त्यांच्याच नातीचं जावळ नोव्हेंबरात निघायचं होतं. ते मला काढायचं होतं. ते नीट झालं असतं तर बाकीची चार घरं आपोआप राहिली असती आणि मी टपरीचं कुलूप काढलं असतं. सोयाबीन सोंगून, कापून माझी कंबर गेली आहे. खुर्चीमागे उभं राहून करायचं काम मला हवं होतं, आणि ते आमच्याच घरचं काम होतं.

मी यांना तसं सांगितलं.

“बाईच्या हातचा वस्तरा कोन लावून घेईन?” ते म्हणाले.

“ते लोकं पाह्यतीन. तुमी शिकवा.”

“आन् पोरीचं डोकं कापलं तं?”

“म्हनूनच म्हनते, शिकवा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, “धोकटी आन.”

धोकटी म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी. आमची सासऱ्यांच्या वेळची, चामड्याची. तिच्यात तेलकट कापडात गुंडाळलेले तीन वस्तरे निघाले. एकाच्या पात्याला गंजाचे खड्डे होते, एकाची मूठ तडकलेली होती. तिसरा मोठा, रुंद पात्याचा, जावळाचा. तो लगेच मिळणार नव्हता. आधी दोन खराब वस्तऱ्यांवर हात बसवायचा होता.

त्यांनी काय काय शिकवलं ते नीट सांगते. सगळंच खोटं शिकवलं असतं तर मला दुसऱ्या दिवशीच समजलं असतं. दगड आधी पाण्यात भिजवायचा. पात्याची पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेली राहिली पाहिजेत. जोर लावायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. दगडावर धार पुढे चालते. चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे चालते. हे मी पहिल्या दिवशी उलटं केलं आणि चामोटीला चीर पाडली.

“माह्या बापाची चामोटी होती,” ते म्हणाले. “त्याच्या हाती जलमभर टिकली. तुह्या हाती दुपारलोक नाई टिकली.”

“तुमच्या बापाले पहिल्या दिवशी जमलं होतं काय?”

“त्याले बापानं मारून शिकवलं होतं.”

“तुमचा एकच हात चालते. मारा.”

ते हसले. त्या दिवसांत आम्ही बरे बोलत होतो. खाटेला खिळल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं, आणि आता मी रोज सकाळी विचारत होते. मला वाटायचं, दोघांचंही काम होतंय.

हात बसणं अवघड नव्हतं. मी वीस वर्षं विळा चालवलाय, कात्री चालवलीय. अवघड होतं ते धार लागली की नाही हे ओळखणं. विळ्याचं तसं नसतं. विळा कापतो किंवा कापत नाही. वस्तऱ्याचं एवढ्यानं भागत नाही. हातावरची लव तर अर्धवट धारेचा वस्तराही उडवतो. माझा चौथ्याच दिवशी उडवायला लागला. मी खूश होऊन दाखवला, तर त्यांनी पाहिलंही नाही.

“हे तं कोनालेबी जमते,” म्हणाले. “नख आन.”

नखाची परीक्षा अशी. डाव्या अंगठ्याचं नख ओलं करायचं आणि त्यावर वस्तऱ्याची धार, वजन न देता, टाचेकडून, म्हणजे मुठीजवळच्या बाजूकडून, टोकापर्यंत सरकवायची. त्यांचा डावा अंगठा कामाचा नव्हता, म्हणून नख माझं असायचं. मी अंगठा पुढे धरायची आणि ते उजव्या हातानं वस्तरा त्यावरून ओढायचे. नखावर तीन गोष्टी जाणवतात. काचेवरून घसरल्यासारखं गुळगुळीत गेलं तर वस्तरा बोथट. ओल्या रेशमी कापडातून बोट ओढावं तसं, मऊ पण धरून, सगळीकडे सारखं चाललं तर ते दुसरं. आणि बारीक खरखर करत नखाला चावत, झोंबत गेलं तर ते तिसरं. पहिलं वाईट हे मलाही समजत होतं. उरलेल्या दोहोंतलं खरं कोणतं, हे ते सांगणार होते.

“झोंबला पाह्यजे,” ते म्हणाले. “झोंबला म्हनजे धार.”

मला ते पटलं. जे झोंबतं ते धारदार, यात न पटण्यासारखं काय आहे.

वहीत दहाव्या दिवसाची ओळ अशी आहे : ‘चाळीस हात. नखावर मऊ चालतो, पण धरून. कच्चा म्हणाले. अजून वीस मारले. आता झोंबतो. चांगला म्हणाले.’ अकराव्या दिवशीही तेच, बाराव्यालाही तेच. चाळीसला मऊ, साठला झोंबतो. मग मी मध्ये थांबणंच सोडून दिलं. सरळ साठ हात मारायचे.

दिवाळीच्या आधी ते एकदा म्हणाले, “डाव्या गालाले समजून राह्यलं आता.” डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या बाजूला समज यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही. मी गालाला बोट लावून पाहिलं, ते हो म्हणाले. त्या दिवशी मी रव्याचा शिरा केला. ओळखीच्या चार घरी वाटी पाठवली.

मग शेवटची परीक्षा सुरू झाली, चेहऱ्याची. त्यांना ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं, गळ्याभोवती पंचा, साबण, आणि माझ्या हातात मी धार लावलेला वस्तरा.

“डावा गाल घे,” ते म्हणाले. “तो लटकला आहे. तिथं जमलं तं कुठंबी जमन. उजवी बाजू मी करतो माही.”

उजवी बाजू ते आपल्या हातानं, साध्या रेझरनं, गाल फुगवून करायचे. तेवढा त्यांचा मान होता, मी त्यात पडले नाही. डावा गाल मी करायची. ताणून धरायचा, वस्तरा तिरपा ठेवायचा, वरून खाली. पहिल्या दिवशी मी एक एक पट्टा काढून वस्तरा पुसत होते. त्यांची पापणीही हलली नाही.

“ओढते काय?” मी विचारलं.

“लोन्यावानी चालते.”

पंधरा दिवस त्यांचा डावा गाल माझी शाळा होती. गाल कधी कधी लाल व्हायचा. मी विचारलं तर म्हणायचे, साबण लागला. मी साबण बदलला.

१८ तारखेला मोठा वस्तरा हातात मिळाला. साठ हात, चामोटी, नख. झोंबला. “झाला,” ते म्हणाले. “जाय आता.”

जावळ दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी धुतलेलं नऊवार नेसले. एरवी नेसत नाही, पण बाई म्हणून बोट ठेवायला जागा नको होती. आबाजींचं घर शिरपूरच्या अलीकडे, शेतात आहे. जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं, तिथून चालत गेले. अंगणात सतरंजी टाकलेली, गव्हाच्या चौकावर पाट, पाटावर मामा, मामाच्या मांडीवर अकरा महिन्यांची पोर. गोल डोळ्यांची, कोणालाही हसणारी. मला पाहूनही हसली.

घरच्या बायका धोकटीकडे बघत होत्या. आबाजींची थोरली सून मोठ्यानं म्हणाली, “काय वं, आता आमच्या म्हाताऱ्याची दाढीबी तूच करशीन काय?”

“त्याईनं गाल देल्ला तं करीन.”

“आन् मिशी?”

“मिशीचं तुमी इचारून ठेवा, काकी. तुमचं त्याईच्यासंग बोलनं असते.”

सगळ्या हसल्या. आबाजी ओट्यावर होते, तेही हसले, छातीपर्यंत आलेल्या दाढीतून. मला बरं वाटलं. हे घर राहिलं, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

केस कोमट पाण्यानं भिजवले. पहिल्या बटा कात्रीनं कापून आत्याच्या ओंजळीत दिल्या. मग वस्तरा उघडला, कपाळाच्या वर डाव्या हातानं कातडी ताणली आणि फिरवला.

पोर किंचाळली. जावळाला सगळीच लेकरं रडतात, त्यामुळे कोणी हललं नाही. मामानं डोकं घट्ट धरलं. माझ्या हाताला मात्र काहीतरी वेगळं लागलं. यांच्या गालावर वस्तरा जसा चालत होता तसाच इथंही चालत होता, पण इथं त्याच्याखाली लेकरू मान काढून घेत होतं. मी वस्तरा पुसला, कोन बदलला, पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. केस कापले जात होते आणि ओढलेही जात होते. मला वाटलं, माझाच कोन चुकतोय. वस्तऱ्यावर शंका आलीच नाही. वस्तरा तर झाला होता. मी तिसरा, चौथा पट्टा काढला. समोरचं अर्धं डोकं मोकळं झालं आणि त्या मऊ कातडीवर लाल बारीक रेघा उठल्या. कानाच्या वर रक्ताचे मण्यांसारखे तीन थेंब आले.

“थांब,” आबाजी म्हणाले.

ते ओट्यावरून उतरून आले, माझ्या हातातून वस्तरा घेतला. तांब्यातल्या पाण्यात स्वतःचा अंगठा बुडवला आणि नखावर वस्तरा ओढला. अगदी आमच्या घरी ओढतात तसा. एकदाच. मग पातं उन्हात तिरपं धरून पाहिलं.

“ही खोटी धार हाय,” ते म्हणाले. “दगडावर जास्त घासला तू. पात्याची कड पातळ होऊन उलटी फिरली. नखाले चावते, कातडीले वरबाडते.”

“झोंबला पाह्यजे ना, आबाजी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कोनं सांगतलं? तुह्या सासऱ्याच्या हाताखाली म्या जलमभर गाल देल्ला. पह्यले माह्याच ओट्यावर बसून नखावर पाहे. मऊ चालला पाह्यजे, पकडून. झोंबला तं तो वस्तरा परत दगडावर. हे तं तुमच्या घरच्या कुत्र्यालेबी मालूम हाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुह्या नवऱ्याले कसं नाई मालूम?”

मी वस्तरा त्यांच्या हातातून परत घेतला. पोरीची आई तिला घेऊन आत गेली होती. अर्धं डोकं तसंच ठेवता येत नाही, ते अशुभ. मोटारसायकल पाठवून चौकातल्या सलूनवाल्याला आणलं. त्यानं नवीन ब्लेड फोडलं, वाकून नमस्कार केला आणि पाच मिनिटांत राहिलेलं डोकं साफ केलं. लेकरू थोडं रडलं. त्या घरात बाळाच्या डोक्याला ब्लेड लागलं ते पहिल्यांदा. मी पाण्याची वाटी धरून शेवटपर्यंत उभी होते. जेवायला बस म्हणाले, बसले नाही.

परत येताना जीपमध्ये मी आबाजींचं शेवटचं वाक्य बाजूला ठेवायचा प्रयत्न करत होते. माणूस आजारी आहे, विसरला असेल. झटक्यात डोक्याला मार बसतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण चामोटीवर पाठ पुढे हे विसरले नव्हते. दगड किती भिजवायचा हे विसरले नव्हते.

घरी ते ओट्यावरच बसलेले होते. “झालं काय?”

“ओढला.”

“लेकराचे केस मऊ रायते. होते तसं.” ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. “त्याईनं काय म्हनलं?”

“सलूनवाला बलावला.”

“जाऊ दे मंग. तुह्यानं होत नाई तं कायले जीव काढते.”

आवाजात राग नव्हता, हळहळ नव्हती. उलट समजूत होती. त्यांच्या मनावरचा दगड उतरल्यासारखा आवाज होता तो. मी ते ऐकलं आणि आत जाऊन चूल पेटवली.

दिवस मावळायच्या आधी चहा केला. त्यांचा कप त्यांच्या उजव्या हातात दिला, माझा घेऊन समोर बसले. डाव्या ओठातून थोडं गळतं, त्यासाठी खांद्यावर फडकं असतं. त्या दिवशी चहा चांगला वाफाळता होता. पहिल्याच घोटाला डाव्या कोपऱ्यातून धार निघाली, हनुवटीवरून गळ्यावर गेली, आणि कॉलरच्या आत. मला पाहूनच चटका बसला. ते दुसरा घोट घेत होते. फडक्याकडे हात गेला नाही. गालही आक्रसला नाही.

मी कप खाली ठेवला, आत जाऊन मोठा वस्तरा आणला, मिटलेलाच. त्यांच्या समोर उभी राहिले.

“डोये मिटा.”

“काहून?”

“मिटा म्हनते ना.”

मिटले. मी वस्तऱ्याची थंड मूठ उजव्या गालाला लावली. “कुठं लावलं?”

“उजवा गाल.”

“आता?” कपाळाला लावली.

“कपाय.”

“आता?”

मी काहीच लावलं नव्हतं. वस्तरा माझ्या पाठीमागे होता.

“डावा गाल,” ते म्हणाले.

बाहेरून रिसोडची जीप हॉर्न वाजवत गेली. ते डोळे मिटून बसले होते, आणि मी बोलत नाही म्हटल्यावर त्यांना समजलं. डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

“काहून?” मी विचारलं.

त्यांनी फडक्यानं गळा पुसला. मग म्हणाले, “त्या घरी माह्या बापानं जावळं काढली. म्या काढली. आता तू काढशीन, आन् गावातले लोकं इथं येऊन मले सांगतीन, तुह्या बायकोनं काढलं म्हनून. आन् मी काय राह्यलो मंग?”

“बसून राह्यले असते. आताबी बसूनच आहा.”

“मले वाटलं, दोन केस ओढले की तू थांबशीन. घरी येशीन.”

“मी कधी थांबली?” मी म्हणाले. “बावीस वर्सं झाले. कधी पाह्यली तुमी मले अर्ध्यात थांबताना?”

“रक्त निंगन असं नाई वाटलं.”

“तुमच्या गालावर लाल चट्टे उठत होते. पंधरा दिवस. तुमाले दिसत होते ना आरशात?”

त्यांचा उजवा हात डाव्या गालाकडे गेला. स्वतःच्या गालाची कातडी त्यांनी रोज सोलून घेतली होती, मला खोटं शिकवायला. कोणी म्हणेल, बिचारा. मी नाही म्हणत. तो गाल त्यांचा होता, त्याचं त्यांनी काय करायचं ते करावं. डोकं त्या लेकराचं होतं.

संध्याकाळची भाकर मी थापली, त्यांना वाढली, भांडी घासली. मग दिव्याखाली वही काढली आणि दहाव्या दिवसाचं पान उघडलं. ‘चाळीस हात. नखावर मऊ चालतो, पण धरून. कच्चा म्हणाले.’

ते वाचलं आणि खरा राग तेव्हा आला. वस्तऱ्याबद्दल खोटं बोलले, गालाबद्दल खोटं बोलले, त्याचा राग होता. पण हा त्याहून मोठा होता. मला दहाव्या दिवशीच जमलं होतं. माझ्या नखाला ते कळलंही होतं, मी ते माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं. नख माझं, पण शब्द त्यांचा, आणि मी शब्द धरला. अकराव्या दिवशी धरला, बाराव्या दिवशी धरला, आणि मग तर चाळीसला थांबून पाहायचंही बंद केलं. शिराही केला. लोकांच्या घरी वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी दगड भिजत घातला. वस्तऱ्याची उलटलेली कड आधी ओल्या लाकडाच्या कोपऱ्यावर हलकेच ओढून काढली, आबाजींनी तसं सांगितलं नव्हतं, पण विळ्याची उलटी धार मी तशीच काढते. मग दगडावर नवी धार. पस्तीस हातांना थांबले, नख पाहिलं. थोडं घसरत होतं. अडतीस. चाळीस. ओल्या रेशमातून बोट ओढावं तसा चालला, टाचेपासून टोकापर्यंत सारखा. चामोटीवर पंचवीस वेळा, पाठ पुढे. पुन्हा नख. तसाच.

ते खाटेवरून सगळं पाहत होते. मी त्यांना उठवून ओट्यावर खुर्चीत बसवलं, पंचा बांधला.

“उजवा गाल,” मी म्हणाले.

“तो मी करतो.”

“आज मी करते.”

त्यांनी मान फिरवली. साबण लावला, कातडी ताणली आणि वरून खाली वस्तरा नेला. माझी नजर हाताकडे नव्हती, त्यांच्या डोळ्याकडे होती. डोळा हलला नाही. खांदा वर आला नाही. दुसरा पट्टा, तिसरा, जबड्याच्या वळणावर, कानाखाली. केस सुटण्याचा बारीक आवाज येत होता, आजवर कधी आला नव्हता असा. गालावर एक रेघ नव्हती.

“झाला,” ते हळूच म्हणाले. “हा झाला.”

“तुमाले कोनं इचारलं?”

मी वस्तरा पुसला, मिटला. डावा गाल पांढऱ्या खुंटांसकट तसाच ठेवला. तिथं माझ्या शिकण्यासारखं काही नव्हतं. पंचा सोडला, चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, धोकटी खांद्याला अडकवली आणि साडेआठची जीप धरली.

आबाजींच्या घरी आधी आत गेले. पोरीचं डोकं पाहिलं. रेघा सुकल्या होत्या, कानावरची खपली काळी पडली होती. ती मला पाहून हसली नाही, आईच्या खांद्यात तोंड घातलं. मी तिच्या आईला म्हणाले, “चूक वस्तऱ्याची होती, आन् वस्तरा माहा होता.” तिनं बसायला पाट टाकला.

मग ओट्यावर आले. आबाजी उन्हात बसले होते. मी धोकटी उघडली, वस्तरा मुठीकडून त्यांच्यापुढे धरला आणि पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. कोणाचं नाव घेतलं नाही, काय झालं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. अंगठा बुडवला, नखावर वस्तरा ओढला. एकदा. मग थांबून आणखी एकदा, सावकाश, टाचेपासून टोकापर्यंत.

वस्तरा त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि छातीवरची दाढी मुठीत धरून पाहिली.

“इतल्या दाढीले आधी कातर लागन,” म्हणाले.

मी धोकटीतून कात्री काढली.